तिसऱ्या कपाचे मार्क

फेब्रुवारी सरत आला की आमच्या दौंडमधल्या गच्च्या बोलायला लागतात. उन्हं कलली की घरटी एक मूल पुस्तक पोटाशी धरून वर चढतं आणि टाकीपासून कठड्यापर्यंत, कठड्यापासून टाकीपर्यंत येरझाऱ्या घालू लागतं. डोळे आभाळात, ओठ चालू. कठड्यापाशी पाय वळतात, वाक्य मात्र सरळ पुढे जातं. एका गच्चीवर पेशी फुटत असतात, दुसरीवर कुठलंसं युद्ध पेटलेलं असतं, तिसरीवर मागणी वाढते आणि किंमत चढते. मधूनच स्टेशनवरचा लाउडस्पीकर गाडी उशिरा असल्याबद्दल खेद व्यक्त करतो. त्या आवाजात खेद शोधूनही सापडत नाही, तसंच आमच्या गच्च्यांवरच्या त्या मागणीत कुणाला काही हवं असल्याचं जाणवत नाही.

मी इथल्या एका ज्युनियर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते. इतकी वर्षं हा कलकलाट मला आवडायचा. चहाचा कप घेऊन खिडकीत उभी राहायचे आणि आपल्या नोट्समधलं वाक्य कुठल्या गच्चीवरून येतंय ते ओळखायचे. देवाच्या आळंदीला निघून चोराच्या आळंदीला गेल्यासारखं कधी वाटलं नाही. उलट छाती फुगायची. यंदा समोरच्या गच्चीवरून एक वाक्य आलं, मी ते ओळखलं, आणि खिडकी लावून घेतली. उकडत होतं तरी लावली. लाज आली की माणूस आधी दारं-खिडक्या लावतो आणि विचार नंतर करतो, निदान मी तरी करते.

त्या वाक्यासाठी मला शिरूरला जावं लागेल, नव्वदीच्या अखेरच्या एका परीक्षेच्या दिवसांत.

तो सगळा मोसमच माझ्या नाकात आहे. साखर कारखान्याकडून वारा आला की मळीचा आंबूस वास यायचा. सकाळी स्वेटर लागायचा आणि दुपारी वर्गाचा पत्रा तापून कडकड आवाज करायचा. बाहेरच्या कडुलिंबाची पिवळी पानं खिडकीतून आत येऊन वह्यांवर पडायची. रस्त्यावरून उसाच्या ट्रॉल्या गेल्या की मागच्या बाकावरची मुलं माना वळवायची, कारण त्यांचे दोस्त त्या ट्रॉल्यांमागे पळत ऊस उपसत असायचे. आम्ही बारावीला होतो. सगळा वर्ग त्या दिवसांत ओठ हलवत फिरायचा. एसटी स्टँडवर, दळणाच्या रांगेत, हौदावर धुणं धुताना. माझी आई म्हणायची, "पोरीला देवीचं लागलंय की काय, एकटीच पुटपुटतीया."

आमच्या सरांना कुणी वाईट शिक्षक म्हटलं तर मी आजही भांडेन. सर मुलींच्या घरी जायचे. बारावीचा फॉर्म भरायच्या वेळी बऱ्याच वडिलांना एकदम कांदा काढायचा असायचा, पाहुणे यायचे असायचे, मुलीला घरी ठेवायचं असायचं. सर आपल्या खडखडणाऱ्या लूनावरून वस्त्यावस्त्यांवर जायचे आणि ओट्यावर बसून बापांची समजूत घालायचे. माझी मैत्रीण मंगल वर्गात होती ती त्यांच्यामुळेच. ती तळेगाव ढमढेऱ्याहून एसटीनं यायची. घरी ऊस, वांगी, टोमॅटो, आणि खाणारी तोंडंही तेवढीच. तिच्या वडिलांना सर म्हणाले होते, "हुशार आहे पोरगी. बारावीला बरे मार्क पडले तर डी.एड. होईल, मास्तरीण होईल." वडील म्हणाले होते, "मार्क पडले तर बघू." त्या "बघू"वर मंगल दोन वर्षं एसटीनं ये-जा करत होती. मार्क पडले नाहीत तर काय, ते वडिलांनी सांगितलं नव्हतं, पण स्थळं यायला लागलेली होती.

सर शिकवायचे म्हणजे सांगायचे, आणि आम्ही उतरवून घ्यायचो. "लिहा," म्हणायचे. मग प्रस्तावना, गृहीतके, स्पष्टीकरण, अपवाद, टीका, समारोप. "मुद्दा सुटला, मार्क सुटला," हे त्यांचं वाक्य आम्हाला झोपेतही ऐकू यायचं. तासाच्या शेवटी ते विचारायचे, "कळलं का?" आम्ही एका सुरात म्हणायचो, "हो सर." तो प्रश्न नव्हताच. तास संपल्याची ती खूण होती, घंटेच्या आधीची घंटा. दोन वर्षांत त्यांना कुणी "का?" असं विचारल्याचं मला आठवत नाही. आणि खरं सांगते, कुणी विचारलं असतं तर आम्हीच त्याला खाली बसवलं असतं, कारण पोर्शन राहिला असता.

घटत्या सीमांत उपयोगितेचा सिद्धांत हा आमचा हुकमी प्रश्न. नाव जड आहे, गोष्ट साधी आहे. एखादी वस्तू आपण लागोपाठ घेत गेलो की प्रत्येक पुढच्या नगातून मिळणारं समाधान कमी होत जातं. सरांनी त्याला स्वतःच्या घरचं उदाहरण दिलं. ते खिडकीतून बाहेर बघत सांगत होते आणि आम्ही शब्दन् शब्द उतरवून घेत होतो: "समजा, मी दमून घरी जातो. माझी पत्नी मला चहा देते. पहिल्या कपाने मला खूप समाधान मिळते. दुसऱ्या कपाने त्याहून कमी मिळते. तिसरा कप मला नकोसा वाटतो." मुलांनी लिहिलं, मुलींनी लिहिलं, मी लिहिलं. घरी जाऊन मी ते पाठ केलं. गच्चीवर येरझाऱ्या घालत, "माझी पत्नी मला चहा देते, माझी पत्नी मला चहा देते," असं मी इतक्यांदा म्हटलं असेन की शेजारच्या काकूंनी एकदा आईला काळजीनं विचारलंसुद्धा.

आमच्या संस्थेचं दौंडलाही ज्युनियर कॉलेज होतं. पूर्वपरीक्षेचे पेपर अदलाबदल करून तपासायची पद्धत होती. शिरूरचे दौंडला, दौंडचे शिरूरला. आपल्या मुलांना हात सैल सुटू नये म्हणून. त्या वर्षी अर्थशास्त्राचे पेपर तपासणाऱ्या दौंडच्या बाई गठ्ठा घेऊन स्वतःच आल्या. रेल्वे कॉलनीत राहणाऱ्या, साडीवर कॅनव्हासचे बूट घालणाऱ्या, मोठ्यानं बोलणाऱ्या. सर ऑफिसात होते. बाईंनी गठ्ठा टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "या वर्गातल्या मुलींनी हात वर करा बरं."

आम्ही हात वर केले.

"अभिनंदन," बाई म्हणाल्या. "तुम्हा सगळ्यांची लग्नं झालेली दिसतायत. आणि बायकासुद्धा चांगल्या मिळाल्यात. घरी गेल्या गेल्या चहा देतात."

क्षणभर कुणाला कळलं नाही. मग मुलांच्या बाजूनं असा हशा उठला की बाकं वाजली. आम्हीही हसलो, न हसून सांगतो कुणाला. आणि हसता हसता दाराकडे लक्ष गेलं तर तिथं सर उभे होते, हातात खडूची पेटी. त्यांनी सगळं ऐकलं होतं. तेही हसत होते, पण आलेल्या हसण्याचं काय करावं ते चेहऱ्याला कळत नव्हतं. ते आत आले नाहीत. मी मान खाली घातली. पुढची लाज माझी एकटीची होती. ही मात्र सगळ्या वर्गाची होती. आपल्या माणसाचं हसं झालं आणि त्याचं निमित्त आपणच बाईंच्या हातात दिलं, अशी.

बाईंनी पहिला पेपर उचलला आणि माझं नाव वाचलं. "शैलजा. तुझा पहिला नंबर आहे. स्वल्पविरामसुद्धा चुकलेला नाही. आता वही मिट आणि मला सांग, तिसऱ्या कपाचं समाधान कमी का होतं?"

मी उठले आणि सुरू केलं, "कारण उपभोक्ता विवेकशील असतो आणि..."

"उपभोक्ता राहू दे. तू सांग. तू चहा पितेस ना?"

"हो."

"मग तुला काय वाटतं?"

काय वाटतं? मी तोंड उघडलं. आत वाक्यं होती, रांगेत उभी, पण जी पुढे यायची ती सरांची असायची. ती बाजूला सारून दुसरी धरली तर तीही त्यांचीच. चहा मी रोज प्यायचे, त्यात आलं घातलेलं आवडायचं, आईनं साखर कमी घातली तर भांडायचे. त्यातलं काहीसुद्धा जिभेवर येईना, कारण ते अर्थशास्त्र नव्हतं. पत्रा कडकडला. कुणीतरी खोकलं. पहिल्या नंबरची मुलगी वर्गासमोर उभी आणि तोंडातून शब्द नाही. उपभोक्ता विवेकशील असतो हे मला पाठ होतं, आणि विवेक म्हणतात तो कशाशी खातात याचा पत्ता नव्हता.

तेवढ्यात माझ्या शेजारून आवाज आला. मंगल उठलीसुद्धा नव्हती, बसूनच बोलली.

"बाई, आमच्याकडं पयला कप आप्पांचा. मग तात्यांचा, मग चुलत्यांचा, मग कोण पावणं आलं आसंल त्याचा. आमच्यापतूर किटली येती तवा तळाला काय ऱ्हातं त्यो आमचा चहा. तिसरा कप माझ्यापतूर कवा आलाच न्हाई. मंग त्यो नको वाटतो का हवा वाटतो, मी कसं सांगू?"

मुलं पुन्हा हसली. "किटली" असं कुणीतरी तिच्या सुरात म्हणालं. पण मंगलचं संपलं नव्हतं. ती जरा अडखळली आणि म्हणाली, "आन् सरांच्या उदाहरणात बी... त्या बाईनं किती प्याला ते लिव्हलंच न्हाई."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी मंगलचा पेपर गठ्ठ्यातून शोधून काढला. "हे तू इथं का नाही लिहिलंस?"

मंगलला खरंच आश्चर्य वाटलं. "पेपरात आपलं लिव्हायचं असतं व्हय?"

"असतं," बाई म्हणाल्या. मग थोडं थांबून म्हणाल्या, "म्हणजे, असायला पाहिजे."

मला अजून आठवतं की त्या क्षणी मला मंगलचं कौतुक वाटलं नाही. हेवा वाटला. एवढं सोपं होतं होय, असं वाटलं. तिचं बोलणं गावठी, तिच्या पेपरात खाडाखोड, तिचा नंबर खालचा. आणि जे मला सुचत नव्हतं ते तिनं बसल्या जागी, पायातली चप्पल शोधता शोधता सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सर नेहमीच्या वेळेला आले. कालच्याबद्दल एक शब्द नाही. फळ्याकडे तोंड करून म्हणाले, "घटत्या सीमांत उपयोगितेची नोट काढा. 'माझी पत्नी' असं जिथं जिथं आहे, तिथं ते खोडा. वर लिहा, 'माझी आई'." आम्ही वह्या काढल्या आणि पत्नी खोडून आई लिहिली. सगळ्या वर्गानं, एका वेळी. आज हसू येतं, पण त्या वेळी कुणीही हसलं नाही. दुरुस्तीसुद्धा आम्ही उतरवूनच घेतली.

तास संपल्यावर त्यांनी मंगलला थांबवलं. मी तिच्याबरोबर होते म्हणून मला ऐकू आलं. "काल तू बोललीस ते मी दारातून ऐकलं," सर म्हणाले. "काल घरी गेल्यावर मी चहा मागितला नाही. मागवेचना." मग आवाज खाली आणून म्हणाले, "पण बाळ, बोर्डात असलं काही घालू नको. तपासणाऱ्यापुढं उत्तराचा नमुना असतो. तो मुद्दे मोजतो आणि पुढं जातो. तुझ्या वडिलांना मी शब्द दिलाय."

"व्हय सर," मंगल म्हणाली.

दोघंही तिचं भलंच चिंतत होते, बाई आणि सर. एकानं सांगितलं लिही, एकानं सांगितलं नको. आणि मला विचाराल तर त्या दोघांत सरांना जग जास्त ठाऊक होतं. हे लिहितानाही लाज वाटते, पण ते खरं आहे.

बोर्डाचा पेपर मार्चमधल्या कडक उन्हात झाला. केंद्राबाहेर भाऊ, मामा, मित्र कुंपणाला टेकून उभे, कुणाच्या खिशात कागदाच्या पुंगळ्या. आत माठातलं पाणी आणि नवीन पेनांचा वास. प्रश्न आला. मी "माझी आई मला चहा देते" असं सुवाच्य अक्षरात लिहिलं, शीर्षकं अधोरेखित केली आणि बाहेर पडले. मंगल स्टँडवर कलिंगडाची फोड खात उभी होती. हनुवटीवरून रस गळत होता.

"सरांचंच लिहिलंस ना?" मी विचारलं.

"आधी त्येच लिव्हलं गं. मंग बाई आठवल्या. सगळं खोडलं, आन् माझं लिव्हलं. आप्पांचं, किटलीचं, समदं." तिनं तोंड पुसलं. "लई बरं वाटलं बघ. जणू कोणतरी बसून ऐकून घेतंय माझं."

निकाल लागला. अर्थशास्त्रात मी कॉलेजात पहिली आले आणि माझं नाव फळ्यावर रंगीत खडूनं लिहिलं गेलं. मंगल काठावर पास झाली. डी.एड.चं नाव काढायची सोय उरली नाही. तिच्या पेपरात त्या पानावर काय पडलं हे मला माहीत नाही. बाकीची उत्तरंही फसली असतील. इंग्रजीतही तिला कमीच होते. असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगत आले, आणि ते खोटं आहे असंही नाही. "बघू" म्हणणाऱ्या वडिलांनी बघितलं, आणि ऊस तुटून जायच्या आत तिचं लग्न दौंडजवळच्या एका वाडीत लागलं. सर लग्नाला आले होते. अक्षता पडल्यावर जेवायला न थांबता लूनाला पेडल मारून निघून गेले. पहिल्या नंबरच्या सत्काराचा नारळ माझ्या घरी देवापाशी होता, आणि मांडवात मंगलच्या समोर उभं राहताना मला तो कुणाचातरी उचलून आणल्यासारखा वाटत होता.

पुढे मी एम.ए. झाले, बी.एड. झाले आणि दौंडला नोकरीला लागले. दौंडच्या त्या बाई बदली होऊन गेल्या होत्या. त्यांच्या जागेवर मी. पहिल्याच दिवशी मनाशी ठरवलं, मी "लिहा" म्हणणार नाही.

आणि पहिल्या वर्षी नाही म्हणाले. घटत्या उपयोगितेचा तास आला तेव्हा मंगलची गोष्ट सांगितली. पोरं हसली. मी विचारलं, "तुमच्या घरी शेवटचा कप कोण पितं?" काय गलका उडाला! रेल्वेत गँगमन असलेल्या एकाचा मुलगा म्हणाला, "मॅडम, रातच्या ड्युटीवर पप्पांना तिसरा कपच गोड लागतो, म्हणत्यात, पयला नुस्ता झोप मोडायला." एक मुलगी म्हणाली, "आमच्यात वहिनी पिती शेवटी, पण ती आधी चुलीपाशी चोरून बी पिती." सगळे हसले, तीही हसली. कुणी म्हणालं, मग सिद्धांत चूक आहे. कुणी म्हणालं, चूक नाही, अपुरा आहे. दोघं भांडले. मला आजवर इतका आनंद कुठल्या तासाला झाला नाही. शेजारच्या वर्गातून शिपाई आला, "मॅडम, आवाज जरा कमी करा म्हणत्यात."

पोर्शन मागे पडला. पालक भेटायला आले. कामावरून थेट आलेले एक वडील हात जोडून म्हणाले, "म्याडम, पोरं म्हणत्यात तुमचा तास लई झ्याक आसतो. पण नोट्स द्या की. त्या क्लासवाल्या मुलांकडं नोट्स हायेत." त्यांचं काय चुकलं? पुढच्या वर्षी मी गोष्ट सांगितली, पण प्रश्न विचारला नाही. त्याच्या पुढच्या वर्षी गोष्ट थोडक्यात आटपली. आणि एका वर्षी, मुलांना सोपं जावं म्हणून, खरंच त्याच हेतूनं, ती मी नोट्समध्ये घातली. "सिद्धांतावरील टीका" या शीर्षकाखाली, शेवटच्या मुद्द्यात. तोंडानं म्हणाले, "लिहा." घसरण असते म्हणतात ती अशी असते, पाय घसरल्याचं कुठल्याच पायरीवर कळत नाही.

यंदाच्या पूर्वपरीक्षेचे पेपर गेल्या आठवड्यात हातात आले. आता अदलाबदल बंद झाली आहे, आपले आपणच तपासतो. पहिल्या पेपरात शेवटचा मुद्दा होता, खाली दोन रेघा मारलेला: "आमच्या घरी माझ्यापर्यंत तिसरा कप कधी आलाच नाही." दुसऱ्यात तेच. तिसऱ्यात तेच. मुलींनी लिहिलं होतं आणि मुलांनीही लिहिलं होतं, ज्यांच्यापर्यंत घरातला पहिला कप धावत येतो त्या मुलांनी. स्टेशनसमोर ज्याच्या बापाची चहाची टपरी आहे, जो दिवसभर गिऱ्हाइकांना चहा देता देता स्वतः घुटके घेतो, त्या पोरानंही लिहिलं होतं. मंगलच्या वाक्याला मी पुस्तकी कपडे घालून दिले होते, आणि ते तसंच्या तसं पेपरांत उतरलं होतं. समोरच्या गच्चीवरून आलेलं वाक्यही हेच.

मला आधी हसू आलं. मग दौंडच्या बाईंचा आवाज कानात आला, "अभिनंदन." त्या वेळी आम्हा मुलींना बायका मिळाल्या होत्या, आता या मुलांच्या तोंडचा चहा गेला. आणि दारात खडूची पेटी घेऊन या वेळी मी उभी होते. सरांनी निदान स्वतःच्या घरची गोष्ट सांगितली होती. मी दुसरीच्या घरची उचलली आणि तिला मुद्दा केलं.

रविवारी वडापच्या जीपनं मंगलच्या वाडीला गेले. का गेले ते तेव्हा मला नीट कळलं नव्हतं. माफी मागायची होती म्हणावं, तर तिचं मी काय नेलं हे तिला ठाऊकच नव्हतं. ती अंगणात झेंडूची फुलं पाटीत भरत होती. हात पिवळे झालेले, कपाळावरही पिवळं बोट लागलेलं. "शैले! आगं, ये की! फोन तरी करायचा," असं म्हणून तिनं मला ओट्यावर बसवलं आणि आत जाऊन चहा टाकला. उकळल्यावर आधी किटली भरून सासऱ्यांच्या हाती मळ्यात पाठवली. मग आम्हा दोघींना कप भरले. माझा संपतोय तोवर तिनं पुन्हा भरला.

"नको गं आता," मी म्हटलं.

"लागू झाला बघ नियम," ती म्हणाली आणि खुदखुदली. तिला सगळं आठवत होतं.

मग मी सांगितलं. दरवर्षी मी तिची गोष्ट वर्गात सांगते, नोट्समध्ये घातली आहे, आणि आता सगळी मुलं ती परीक्षेत लिहितात. तिचे डोळे मोठे झाले. "पोरांनी बी लिव्हलं?"

"पोरांनी बी. टपरीवाल्याच्या पोरानंसुद्धा."

पदर तोंडाला लावून ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मीही हसले. हसून झाल्यावर तिनं विचारलं, "आन् त्यांच्या घरी खरं कोण पितं शेवटी, ते इचारतीस का?"

"पहिल्या वर्षी विचारलं होतं. मग वेळ पुरेना."

"व्हय, पोर्शन आसतो," ती म्हणाली. टोमणा नव्हता त्यात. सरांची विद्यार्थिनी ती. मग किटलीचं झाकण लावता लावता म्हणाली, "मंग मार्क किती दिलेस त्याला?"

गठ्ठा घरी होता, तपासून झालेला. प्रत्येक पेपरात मी त्या मुद्द्यापुढे बरोबरची खूण केली होती, हात न थांबता. नमुन्याशी जुळत होतं ना.

"पैकीच्या पैकी," मी म्हटलं.

"समद्यांना?"

"सगळ्यांना."

मंगलच्या चेहऱ्यावर राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं. उलट ती खूश झाली होती, आपलं काहीतरी कुठंतरी चाललं म्हणून. माझ्या गुडघ्यावर हात ठेवून ती म्हणाली, "तवा तू पायजे हुतीस गं तपासायला. माझं बी डी.एड. झालं असतं बघ."

तिला सांगायला हवं होतं. तेव्हा ते वाक्य कुणाच्याच नोट्समध्ये नव्हतं, आणि मी असते तर त्याच्यावर लाल रेघ मारून पुढे गेले असते. मी तोंड उघडलं. मंगल माझ्याकडे बघत थांबली होती, आणि माझ्या तोंडून शब्द फुटला नाही.